चेहरा न कळणारा चष्मेवाला

तर काल आपण चष्मेवाल्याला टेलिफोनच्या डब्यात उभा करून उठलो होतो. बिचारा अजून तिथंच ताटकळत असेल. आधी त्याला बाहेर काढू, मग पुढचं.

जे काल नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (मी ‘थोडक्यात’ म्हटलं की आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.) माझं सुतारकामाचं दुकान आणि त्याचं चष्म्याचं, मध्ये फक्त एक भिंत. चष्म्याची भिंगं ज्या कारखान्यातून यायची तिथं तो टेलिफोनवरून मागणी द्यायचा, आणि पलीकडे एक मुलगी फोन उचलायची. भिंगांचे नंबर सांगता सांगता दोघांचं सूत जुळलं. इतकं, की याला लागत नसलेली भिंगंही हा मागवायला लागला. शेवटी एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून गडी कारखान्यात गेला आणि तिच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, “माझ्याशी लग्न कराल का?”

ती आधी हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं तोंडावर हात धरला आणि मान खाली घातली. आता तुम्ही-आम्ही काय ते समजून पेढ्याच्या दुकानाकडे धावलो असतो. हा म्हणाला, “एक मिनिट हं, मी फोन करतो,” आणि सरळ बाहेर पडला. रस्ता ओलांडला, समोरच्या टेलिफोनच्या डब्यात शिरला, नाणं टाकलं.

“हॅलो. मघाशी तुम्ही जे केलंत, ते हो होतं की नाही होतं?”

“अहो, तुम्ही मला खिडकीतून दिसताय!”

“मलाही तुम्ही दिसताय. पण कळत नाहीये ना. तोंडानं सांगा.”

“हो म्हणतेय मी! हो! आता काय छपरावर चढून ओरडू?”

“नको, एवढं पुरे,” म्हणाला, आणि फोन ठेवून निघाला तो थेट स्वतःच्या दुकानात! अर्ध्या वाटेवर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती मुलगी अजून कारखान्यात वाट बघत बसली असेल. मग परत फिरला. ही हकीकत मला त्याच्या बायकोनंच सांगितली, आणि सांगताना ती इतकी हसत होती की शेजारी बसलेल्या चष्मेवाल्यानं काळजीनं विचारलं, “अगं, ठसका लागला का?”

तर असा हा माणूस. त्याला चेहरे वाचता येत नव्हते. म्हणजे नजर अधू होती असं नव्हे हं. नजर घारीची. भिंगावरचा केसाएवढा चरा त्याला दिव्याशिवाय दिसायचा. समोरच्याचं नाक किती डावीकडे कललंय, एक कान दुसऱ्यापेक्षा किती वर आहे, हे तो बघता बघता सांगायचा. (माझा उजवा कान वर आहे. साठी उलटेपर्यंत मला पत्ता नव्हता.) पण त्याच चेहऱ्यामागचा माणूस रुसलाय का, सुखात आहे का, का थट्टा करतोय, हे काही त्याला उमगायचं नाही. मी एकदा विचारलं, “म्हणजे नक्की होतं तरी काय?” तर म्हणाला, “सुतारदादा, तुम्ही शाळेत पहिल्यांदा गेलात तेव्हा फळ्यावरची अक्षरं दिसत होती ना?”

“दिसत होती की. चांगली मोठी होती.”

“पण वाचता येत होती?”

“छे!”

“तसं. तुम्ही सगळे पुढे वाचायला शिकलात. मी अजून पहिल्याच दिवशी आहे.”

लहानपणी यापायी त्यानं बराच मार खाल्ला. मास्तर डोळे वटारून बघायचे आणि हा पोरगा त्यांच्या डोळ्यांकडे कौतुकानं बघत राहायचा. मास्तरांना वाटायचं, निगरगट्ट आहे. सांभाळून घेतलं ते त्याच्या आईनं. त्या माउलीला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिनं आपली एक रीत काढली. मनातलं सगळं ती तोंडानं सांगायची. “मी आता रागावलेय बरं का.” “आता राग गेला.” “हे मी थट्टेनं म्हणतेय, हसायचं.” घरातलं हवामान ती रेडिओसारखं जाहीर करायची. तिला तो शेवटपर्यंत विसरला नाही. ‘तोंडानं सांगा’ हे तिचंच वाक्य. पुढे सगळा बाजार त्याला त्याच नावानं ओळखायला लागला. “चष्मा कुठून केलास?” “तोंडानं-सांगाकडून.”

मी म्हणायचो, “अहो, चेहरा कळत नाही तर जन्मभर चेहऱ्यांशीच गाठ पडेल असा धंदा कशाला धरलात? माझ्यासारखं लाकूड तासायचं. लाकूड रुसत नाही.” त्यावर म्हणाला, “लहानपणी मी लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघायचो, काही कळतंय का म्हणून. लोक खेकसायचे. मग एका चष्मेवाल्याकडे कामाला लागलो. तिथं टक लावून बघितलं तर लोक उलट खूश होतात. म्हणतात, बारकाईनं तपासतो हो!”

त्याची तपासायची पद्धत मी इतक्या वेळा बघितली आहे की उद्या माझ्या हाती दुकान दिलं तर निम्मं मी चालवीन. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं. आपण समोर स्टुलावर, गुडघ्याला गुडघा. मग वाचायचा चष्मा असेल तर म्हणायचं, “माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघा.” नाकाकडे का, तर हातातलं पुस्तक साधारण तेवढ्याच अंतरावर असतं आणि दोन्ही बुबुळं तितकीच आत वळतात. ती बुबुळं जिथं येतील तिथं तो नव्या चौकटीतल्या काचेवर शाईचा ठिपका द्यायचा. भिंगाचा मध्य त्या ठिपक्यावर आला पाहिजे, नाहीतर डोकं दुखतं.

आणि चष्मा चढवला की खरी गंमत सुरू व्हायची. दुसरे दुकानदार काय करतात? गिऱ्हाइकाचं तोंड बघतात. कानामागे रुतत असेल तर माणूस नकळत तोंड वाकडं करतो, त्यावरून समजतात. याला ते समजायचं नाही. म्हणून हा विचारायचा. “नाकावर टोचतंय? कानामागे रुततंय? खाली बघितलं की घसरतोय?” लोकांना विचारायची सवय नसते, सांगायचीही नसते. लोक म्हणायचे, “ठीक आहे.” हा म्हणायचा, “ठीक म्हणजे काय? टोचतंय की टोचत नाही?” शेवटी रोजरोज तेच बोलून दमला आणि माझ्याकडून एक फळी रंगवून घेतली. सागवानी फळी, वर पांढरी अक्षरं: ‘या दुकानात “ठीक आहे” चालत नाही.’

एकदा एक दांडगा गृहस्थ तणतणत आला. चष्म्याची दांडी दुसऱ्यांदा निखळली होती. लालबुंद तोंड, कपाळाची शीर ताठ. मी भिंतीपलीकडून रंधा खाली ठेवून कान दिला, म्हटलं आज काहीतरी फुटणार. चष्मेवाल्यानं शांतपणे विचारलं, “तुम्ही रागावलात का?”

“दिसत नाही का?”

“नाही दिसत. म्हणून विचारतो.”

तो गृहस्थ आ वासून उभा राहिला. राग दिसतच नाही म्हटल्यावर दाखवायचा कुणाला? मग म्हणाला, “हो. म्हणजे... रागावलोच आहे. थोडा.” “बसा,” चष्मेवाला म्हणाला, “थोडा असेल तर दांडी बसेपर्यंत जाईल.” आणि गेला हो!

डोळ्यांच्या खुणा तर त्याच्यापुढे वायाच. आमच्या घरी एकदा चहाला बोलावलं. घरात दूध संपलं होतं. आमची ही मला डोळ्यांनी खुणावत होती, जरा कोपऱ्यावरून आणा, पाहुण्याला कळू देऊ नका. तर चष्मेवाला मध्येच म्हणतो, “वहिनी, तुमची बुबुळं सारखी रिकाम्या पातेल्याकडे जाताहेत. डोळ्यात काही गेलंय का?” आणि खिशातून छोटी बॅटरी काढून हिच्या डोळ्यात उजेड पाडायला उठला! ही इतकी हसली की लाज राहिली बाजूला. “दूध संपलंय हो भाऊजी! घ्या, सांगितलं तोंडानं!” त्या दिवशी आम्ही बिनदुधाचा चहा प्यालो, आणि अजून सांगतो, तसा चहा पुन्हा झाला नाही.

आता खरी गोष्ट. इथवर आलात तर आता उठू नका.

त्या साली आमच्या हिची नजर बदलली. नजर म्हणजे बघायची तऱ्हा. तुमच्याशी बोलताना ती तुमच्या तोंडाकडे बघायची नाही, जरा बाजूला बघायची, कानाच्या आसपास कुठंतरी. आणि हसायची. कधीही बघा, चेहऱ्यावर हसू. मी मनात म्हटलं, वा, म्हातारपणी बाई खुशीत आहे! आणि माझ्या कानाकडे का बघते? तर कानात केस वाढले असतील. न्हाव्याकडे जाऊन दोन्ही कान साफ करून आलो. तरी बघायची ती कानाकडेच.

मुलानं वेगळाच अर्थ काढला. तो जेवायला बसतो तिथं त्याच्या खांद्यामागे भिंतीवर घड्याळ आहे. त्याला वाटलं, आई घड्याळाकडे बघते, म्हणजे उशिरा येतो म्हणून टोचते. गुपचूप लवकर घरी यायला लागला. मी म्हटलं, चला, हेही बरं झालं.

पण सूनबाईचं तसं झालं नाही. आमची सूनबाई पावाच्या भट्टीत कामाला, पहाटे उठून जाणारी, स्वभावानं मोकळी. तिला मोठे गोल डूल घालायची हौस. सासू सारखी कानाकडे बघते म्हटल्यावर तिनं ताडलं, आईंना डूल आवडत नाहीत. छोटे घातले. तरी नजर तिथंच. मग खडे घातले. मग काहीच घातलं नाही. सासू आपली रिकाम्या कानाकडे बघून हसतेच आहे! ती नवऱ्याला म्हणाली, “आई माझ्या तोंडाकडे बघत नाहीत रे. मी समोर असले तरी नसल्यासारखी.” तो म्हणाला, “माझ्याकडे तरी कुठं बघते? घड्याळाकडे बघते.”

एवढ्यावर भागलं असतं. पण एक दिवस भट्टीत सूनबाईच्या हाताखालचा अख्खा घाणा करपला आणि मालकिणीनं चारचौघांत तिला नाही नाही ते ऐकवलं. पोर घरी आली, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. आवाज न करता रडते ती, तिची सवय. तेवढ्यात आमची ही आत आली. सुनेकडे वळली आणि छानपैकी हसली. “आलीस का गं?” म्हणाली आणि हसत हसत पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली.

सूनबाई त्या क्षणी तुटली. तिनं ते मला नंतर सांगितलं. म्हणाली, “बाबा, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण मी रडतेय आणि त्या हसताहेत!” दोन-चार दिवसांत मुलगा माझ्या दुकानात आला, लाकडाच्या भुशात पायानं रेघा मारत म्हणाला, “बाबा, आम्ही वेगळी जागा बघितलीय. पुढच्या महिन्यापासून.” माझ्या तोंडाला कुलूप लागायचे प्रसंग फार थोडे, त्यातला हा एक. नातीचं पाळणाघोडं मी तेव्हा घासत होतो. ते घोडं आता कुठल्या घरात डुलणार, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

घरात कुणी कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय? सगळं दिसतच होतं की! ज्यानं त्यानं तिच्या चेहऱ्यावर आपापलं वाचलं होतं.

मग झालं असं, की हिनं आपल्याच चष्म्यावर बैठक मारली. दांडी मोडली. सूनबाईची त्या दिवशी सुट्टी. मनात कितीही असलं तरी पोर कर्तव्याला चुकणारी नाही, सासूला घेऊन चष्मेवाल्याकडे आली. दोघी फुटपाथवरून एकमेकींपासून अंतर ठेवून येताना मला दिसल्या. मी पटाशी ठेवली आणि उगाच काहीतरी काम काढून त्याच्या दुकानात शिरलो.

त्यानं हिला खुर्चीत बसवलं. स्टूल ओढलं. “वहिनी, माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघा.”

हिनं बघितलं. हसली.

तो शाईची लेखणी घेऊन पुढे झाला आणि थांबला. “वहिनी, नाकाकडे.”

“बघतेय की.”

“नाही. तुम्ही माझ्या डाव्या कानाकडे बघताय. बुबुळ बाहेर गेलंय.”

ही आणखी गोड हसली. त्या हसण्यावर मी उभा जन्म काढलाय. दुसरा कुणीही असता तर विरघळला असता, म्हणाला असता, असू द्या, असू द्या. पण त्याला ते हसणं कळलंच नाही! त्यानं लेखणी खाली ठेवली.

“माझं नाक दिसतंय का?”

“ठीक आहे हो भाऊजी. दिसतंय ठीक.”

“ठीक चालत नाही. फळीवर लिहिलंय. दादांनीच रंगवलीय. नाक दिसतंय, का दिसत नाही?”

ही पदराशी चाळा करत बसली. तो वाट बघत राहिला. वाट बघताना अवघडायला होतं ना आपल्याला? त्याला होत नसे. समोरच्याचा अवघडलेपणा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही तर तो कशाला अवघडेल! शेवटी ही हळूच म्हणाली, “कान दिसतात. केस दिसतात. मधलं नाही दिसत. कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखं होतं.”

“ती समोरची खिडकी बघा. गज सरळ आहेत?”

“मध्ये वाकलेत.” मग हिला राहवलं नाही. “कुठल्या सुतारानं केली ही खिडकी?”

“दादांनी.”

“अगं, माझी खिडकी वाकडी?” मी ओरडलो. “ओळंबा लावून बसवलीय ती!”

“गज सरळ आहेत, दादा,” चष्मेवाला म्हणाला. “म्हणूनच विचारलं.” आणि हिच्याकडे वळला. “वहिनी, मग माणसांशी बोलताना काय करता? त्यांचं तोंड दिसत नाही तर?”

“हसते,” ही म्हणाली. “समोरचा हसतोय की रागावलाय ते दिसत नाही. मग आपण हसलेलं बरं. हसलं की कुणी काही विचारत नाही.”

“सांगितलं का नाहीत?”

हिचा आवाज बारीक झाला. “माझ्या आईचं असंच झालं होतं. कळल्यावर तिला एका खुर्चीत बसवलं. तू काही करू नकोस म्हणाले. ती मग उठलीच नाही त्या खुर्चीतून. मला घरात हिंडूफिरू द्या, एवढंच म्हणणं होतं माझं.”

सूनबाई दाराशी उभी होती. ती पुढे आली. “आई, त्या दिवशी ओट्याशी मी रडत होते.”

“कोण? तू?” ही धडपडून उठली. “रडत होतीस? कधी गं? मला नुसता तुझा निळा रंग दिसला बाई. म्हटलं, आली पोर कामावरून. अगं, आवाज तरी करायचास!”

“आणि माझ्या कानाकडे का बघता?”

“कानाकडे बघितलं की कडेनं तोंड थोडं थोडं दिसतं. सरळ बघितलं की तू जातेसच समोरून. आणि ते मोठे डूल कुठं गेले तुझे? त्यांच्यावरून मला नेमकं कळायचं, हिचं तोंड कुठं आहे ते. अलीकडे तर शोधावं लागतं!”

सूनबाईनं काय केलं असेल? सासूच्या गळ्यात पडली आणि रडली, या वेळी चांगला भोंगा काढून. ही पण रडायला लागली. मी भिंतीकडे तोंड केलं. चष्मेवाला आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्याच्या बायकोनं, ती आतल्या खोलीतून बाहेर आली होती, त्याला तोंडानं सांगितलं, “अहो, हे चांगलं रडणं आहे. काळजी नको.”

“बरं,” तो म्हणाला. “पण डोळा तरी दाखवायलाच हवा. हे चष्म्याचं काम नाही, डोळ्याच्या डॉक्टरचं आहे. आजच जायचं.” आणि ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी शटर ओढून आमच्याबरोबर निघाला.

डॉक्टरीण बाई मोठी मायेची होती. तिनं कागदावर डोळा काढून दाखवला, मागच्या पडद्याच्या बरोबर मध्यावर कशी गळती लागली आहे ते समजावलं, आणि म्हणाली, “उजव्या डोळ्याला नुकतीच सुरुवात आहे. आणलंत ते फार बरं केलंत. आणखी थांबला असता तर माझ्याही हातात फारसं नव्हतं.” डोळ्यात सुई टोचून औषध द्यायचं, महिन्या-महिन्यानं. ऐकूनच मला घेरी आली. हिला नाही आली. प्रत्येक खेपेला सूनबाई बरोबर जायची, हात धरून बसायची. डावा डोळा पूर्वीसारखा झाला नाही, त्यात डाग आहे तो आहे. पण उजवा सुधारला. हळूहळू, जशी काच पुसत जावी तसं एकेक माणूस तिला पुन्हा दिसायला लागलं. नातीच्या गालावर खळी पडते हे तिला त्या वर्षी कळलं. तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, सगळ्यांना वाटलं तिला दिसतेच आहे.

वेगळ्या जागेचं काय झालं, विचाराल. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्यांचं तिथं भलं होवो. घोडं आमच्याच ओसरीत डुललं. खुर्चीचं नाव घरात कुणी काढलं नाही, उलट सूनबाईनं बजावलं, “आई, बसून राहिलात तर मी रागावेन, आणि तोंडानं रागावेन.” आणि आमच्या घराला नवीच सवय लागली. सूनबाई दारातून आत आली की आधी वर्दी देते:

“आई, मी आले. आज वैतागलेय.”

“कुणावर?”

“तुमच्या मुलावर.”

“मग थांब, माझाही थोडा वैताग त्यात घाल. दोघींचा मिळून एकदाच काढू.”

मोठे डूल परत आले, पहिल्यापेक्षाही मोठे. पोरगा पुन्हा उशिरा यायला लागला, पण आता घड्याळाकडे न बघताच त्याला ऐकवलं जातं.

उजव्या डोळ्याला चांगलं दिसायला लागल्यावर ही एकटी चष्मेवाल्याकडे गेली. मी भिंतीआडून ऐकत होतो. खुर्चीत बसली आणि म्हणाली, “भाऊजी, आज नाक दिसलं हो तुमचं. मला वाटलं होतं त्याहून बरंच मोठं आहे.”

“हे चिडवणं आहे का?”

“चिडवणं आहे. आणि खरंही आहे.”

“मापानं मोठंच आहे,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि मग ती दोघं आणि त्याची बायको, तिघंही इतकी हसली की माझ्या हातातला खिळा वाकडा गेला.

मला काहीतरी करायचं होतं. त्याची ती फळी उन्हानं विटली होती. मी माझ्याकडचं जपून ठेवलेलं शिसवाचं लाकूड काढलं, कित्येक वर्षं चांगल्या कामासाठी म्हणून ठेवलं होतं ते. अक्षरं रंगवली नाहीत, कोरली. तेच वाक्य. कडेला वेलबुट्टी नको म्हणेल तो, म्हणून साधी पट्टी काढली. तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. आणि एका सकाळी ती काखोटीला मारून त्याच्या दारात उभा राहिलो.

मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. म्हणणार होतो की चष्मेवाले, माझं घर तुटता तुटता राहिलं. म्हणणार होतो, माझी बायको मला पुन्हा बघते, कानाकडे नाही, माझ्याकडे बघते, आणि सकाळी ती पहिल्यांदा बघते ना, तेव्हा मला दर वेळी तुमची आठवण येते. आम्ही सगळे वाचणारे, आणि तुम्ही एकटे विचारणारे. हे सगळं म्हणणार होतो. मी, ज्याला गप्प बसवायला घरच्यांना दिवा मालवावा लागतो! पण फळी त्याच्या हातात दिली, आणि एक अक्षर फुटेना. म्हटलं, जाऊ दे, माणूस समोर आहे, बघेल, समजेल.

त्यानं फळी काउंटरवर उभी केली. बोटानं अक्षरं चाचपली. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसला, गुडघ्याला गुडघा, आणि गिऱ्हाइकाकडे बघतो तसं माझ्या तोंडाकडे कितीतरी वेळ टक लावून बघत राहिला. आणि म्हणाला:

“सुतारदादा, तुमचे ओठ हसताहेत आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. या दोन्हींची बेरीज मला येत नाही. मला काही घाई नाही, दुकान आत्ताच उघडलंय. तोंडानं सांगा.”